उजवा वेगळा, डावा वेगळा

"श्वास सोडा."

गिऱ्हाईक समोर उभं राहिलं आणि टेप हातात आली, की बाईंचं पहिलं वाक्य हेच असायचं. तुम्ही कधी शिंप्याकडे माप दिलं असेल तर हा गुन्हा तुमच्याही हातून झालेला आहे, नाही म्हणू नका. टेप कमरेला लागली की माणूस पोट आत ओढतो, छाती पुढे काढतो आणि दोन मिनिटांसाठी पंचविशीचा होतो. मग शर्ट त्या दोन मिनिटांच्या माणसाला शिवला जातो आणि वर्षभर घालतो भलताच कोणीतरी.

बाई हे चालू द्यायच्या नाहीत, असे किस्से अख्ख्या नवघरात सांगितले जायचे. धान्याच्या एका जाड्या व्यापाऱ्याला त्या म्हणाल्या होत्या, "सेठ, साँस छोडो. पेट क्या मेरे दुकान में रख के जाओगे?" सेठनी श्वास सोडला. माप तीन इंचांनी वाढलं. सेठ बिचारे पायांकडे बघत उभे राहिले, तसे ते पायही त्यांना दिसत नसावेत.

रिक्षावाल्याचा खाकी शर्ट आला की त्याला स्टुलावर बसवायच्या. "हँडल पकडो. अब पीछे मुडो, पॅसेंजर से झगडा करो." तो लाजत लाजत भांडायचा, सुट्ट्या पैशांवरून, आणि बाई त्याच्या ताणलेल्या पाठीवर टेप धरून आकडा लिहून घ्यायच्या. "सीधा खडा रहने का पगार नहीं मिलता ना इसको," असं त्या म्हणायच्या म्हणे.

दुकान म्हणजे नवघरला एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालची जागा. पाटीवर नाव नव्हतं, नुसतं 'शर्ट फिटिंग'. बाई मूळच्या रायगडच्या, पेणकडच्या. भाईंदर पूर्वेच्या कारखान्यांत वीसेक वर्षं शर्टांचे नमुने शिवून बाहेर पडलेल्या. तोंडात कायम तीन-चार टाचण्या धरलेल्या, त्यामुळे वाक्यं तुटक आणि दातांतून यायची. त्यांच्याशी गप्पा मारणं म्हणजे साळिंदराशी गप्पा मारणं.

आता माझं सांगते. तेव्हा मी अठ्ठेचाळीस वर्षांची होते आणि माझ्याएवढी शहाणी बाई भाईंदर पश्चिमेत दुसरी नाही, असं माझं प्रामाणिक मत होतं. गिरगावातून इथे आलो तेव्हा कपाटाच्या आधी मी माझं शिवणकामाचं प्रमाणपत्र भिंतीवर लावून घेतलं. हॉलमध्ये क्लास काढला. दोन मशिनी, एक फळा आणि फळ्यावर माझी सूत्रं. छातीचं माप घ्यायचं, त्याला भागत जायचं, की खांदा, गळा, बाहीचा मुंढा, सगळं आपोआप निघतं. कागद मधोमध दुमडायचा, अर्ध्या अंगाचा आराखडा काढायचा, कापडही दुमडून घडीवर कापायचं. एक बाजू काढली की दुसरी फुकट. "देवानं माणूस घडीवरच कापलाय," असं मी मुलींना सांगायचे आणि मुली ते वहीत उतरवून घ्यायच्या. आज त्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या शहाण्या बाईच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. पण आता तिची सत्तरी उलटली आहे, तोंडात दातही तिचे स्वतःचे नाहीत. सोडून देते.

माझ्या क्लासचे बिघडलेले शर्ट स्टेशनचा पूल ओलांडून नवघरला जिन्याखाली जातात, हे मला माहीत होतं. बाजारात एकदा भाजीवालीपाशी समोरासमोर आलो तेव्हा बाईंनी मला नमस्कार केला. "टीचरबाई, क्लास बंद नका करू हां. माझं घर चालतंय त्याच्यावर." मी तेव्हापासून त्या भाजीवालीकडेच जाणं सोडलं.

आणि घडीची ही थोरवी मी कुठल्या घरात उभी राहून सांगत होते? जिथे माझी वैशू राहत होती त्या घरात.

वैशू माझी एकुलती एक. बाराव्या वर्षी तिच्या कण्याला बाक आला. उजव्या खांद्यामागचं हाड वर आलं, डावा खांदा खाली उतरला. डॉक्टर म्हणाले, बाक वाढायचा थांबला आहे, घाबरायचं कारण नाही. मी त्यातून एवढंच घेतलं की कोणाला दिसता कामा नये. दहा वर्षं तिला मी ढगळ पंजाबी ड्रेस शिवले आणि वर रुंद ओढणी, उजव्या खांद्यावर पिन लावून. "ओढणी नीट घे" हे वाक्य मी तिला 'जेवलीस का' यापेक्षा जास्त वेळा म्हटलं असेन.

एका बुधवारी दुपारी तिला फोन आला. वरसाव्याला पुलाच्या अलीकडे, घोडबंदर रोडवर एक नवं हॉटेल उघडत होतं. रिसेप्शनवर मुली हव्या होत्या. शनिवारी सकाळी अकराला मुलाखत. पांढरा फिटिंगचा शर्ट, काळी पँट, केस बांधलेले. ओढणी, जाकीट काही चालणार नाही, असं त्या माणसानं फोनवर दोनदा सांगितलं.

याआधी दोन मुलाखतींना ती गेली होती आणि दोन्ही वेळा दारातूनच परत आली होती. कोणी हाकललं नव्हतं. तिनंच आतल्या काचेत स्वतःला पाहिलं आणि वळली.

"ही शेवटची, आई," ती म्हणाली. "नाही जमलं तर तुझ्या क्लासमध्ये बटणं लावत बसेन. पुन्हा मला जा म्हणायचं नाही."

तिचा आवाज अगदी साधा होता. त्यानंच मला धडकी भरली.

तयार शर्ट तीन दुकानांत घालून पाहिले, एकातही पाठ मावेना. मग मी पांढरं कापड आणलं, दोन शर्टांचं. नोकरी लागली की दुसरा लागेलच, असा माझा हिशोब. गुरुवारी घडीवर कापला, सूत्रांप्रमाणे, एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भागही इकडेतिकडे नाही. संध्याकाळी वैशूच्या अंगावर चढवला.

काय सांगू तुम्हाला! उजवीकडे पाठ अशी ताणली की शिलाई दिसायला लागली. डावीकडे त्याच कापडाची पिशवी झाली. कॉलर एका बाजूला सरकली, बटणांची रांग तिरपी गेली, खालचा काठ उजवीकडे चार बोटं वर. मी घाईघाईनं कापसाची गादी केली आणि डाव्या खांद्यात कोंबली. शहाणपणाला काही सीमा? खांदा वर आला तशी बाही त्याच्याबरोबर उठली.

वैशू आरशात बघत राहिली. "ओझं उचललेल्या हमालासारखी दिसतेय." मग बटणं काढायला लागली. "मी जात नाहीये शनिवारी."

त्यावर मी काय म्हणावं? "अगं, ओढणी घेऊन जा ना. सांगू सर्दी झालीये."

ती बाथरूममध्ये गेली. तेवढ्यात नळाला पाणी आलं. आमच्याकडे पाणी ठरल्या वेळी अर्धा तास यायचं. पिंप भरताना त्या धारेच्या आवाजात आतलं काही ऐकू आलं नाही. खरं म्हणजे मी ऐकायचा प्रयत्नच केला नाही.

शुक्रवारी सकाळी मी कापड, कागदाचा आराखडा आणि वैशू, तिघांना घेऊन पूल ओलांडला. वैशू येत नव्हती. "फक्त दाखवू," असं म्हणून आणली.

बाईंनी मला ओळखलं. मला वाटलं, आता टोमणा येणार. आला नाही. त्यांनी आधी पिशवीतला शर्ट काढला, खांद्यातली कापसाची गादी दोन बोटांत धरून बाहेर ओढली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. मग वैशूला म्हणाल्या, "पोरी, ओढणी काढ. खुंटीला लाव."

वैशूनं माझ्याकडे पाहिलं.

"तिच्याकडं काय बघतेस? शर्ट तिला नाय शिवायचा." मग दातांतल्या टाचण्या सावरून, "श्वास सोड."

वैशूनं श्वास सोडला. दहा वर्षांत तिला असं मोकळं उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं, म्हणजे मी तशी उभीच राहू दिली नव्हती. मी जिन्याच्या पायरीकडे बघत राहिले.

"काउंटरवर काय करणार तू?"

"फोन घेणार. नोंद करणार."

"घे फोन." वैशूनं नुसता हात कानाला नेला. "लिही. आता मागल्या फळीवरची चावी काढ. गिऱ्हाइकाला दे. हसून दे गं, चावीच हाय, किडनी नाय."

वैशूला हसू आलं. हसताना तिची पाठ हलली आणि बाईंची टेप तिच्यामागे हलली. त्या पुढून तिच्याकडे बघतच नव्हत्या.

मग अचानक त्यांनी मला विचारलं, "खांद्यात फरक किती हाय? उजव्या-डाव्यात?"

मला माहीत नव्हतं. वीस वर्षं मापं घेणारी बाई मी. शेजारपाजारच्या शंभर पोरींचे खांदे मला पाठ होते.

"तुमचीच ना पोर?"

"पाऊण इंच," वैशू म्हणाली. "मी मोजलंय. आरशासमोर, पट्टी धरून. दर वाढदिवसाला मोजते."

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. ती कोणी उचलली नाही, मीही नाही.

बाईंनी माझा आराखडा टेबलावर पसरला, घडी उलगडली आणि सरळ मधोमध कात्री चालवली. पाठीचे दोन तुकडे झाले. एकावर 'उ' लिहिलं, दुसऱ्यावर 'डा'. "आता ह्यांचा ह्यांचा संसार वेगळा," त्या म्हणाल्या.

उजव्या तुकड्याला त्यांनी मुंढ्यापासून पाठीच्या मध्याकडे आडवं कापलं, तो काप अर्धा इंच फाकवला आणि खालून वर्तमानपत्राची पट्टी चिकटवली. वर आलेल्या हाडाला तेवढी जागा. डाव्या तुकड्याचा खांदा पाऊण इंच खाली उतरवला, आणि मुंढाही तेवढाच खाली घेतला.

"मुंढा कशाला?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"खांदा उतरला तर काख वर लटकत ऱ्हाईल का? हात कसा उचलंल ती?" मग मी बरोबर आणलेल्या सूत्रांच्या वहीकडे बोट दाखवून, "तिच्यात नसंल. तिच्यात फक्त छाती हाय."

पुढचे दोन तुकडेही तसेच वेगळे झाले. मग मांजरपाटाचा कच्चा शर्ट, नुसत्या धावदोऱ्याचा. तो वैशूच्या अंगावर घालून बाई तिला फिरवत राहिल्या, टाचण्या तोंडातून कापडात आणि कापडातून तोंडात. डाव्या बाजूला कमरेशी एक चिमूट कमी केली, उजवीकडे तेवढी सोडली. दुपार झाली. बाहेर दोन गिऱ्हाइकं येऊन गेली, बाईंनी वर पाहिलं नाही. शेवटी खालचा काठ सगळीकडून जमिनीला सारखा आला.

आता खरं कापड. आणि ते एकाच शर्टापुरतं उरलेलं. बाईंनी ते एकेरी पसरलं, आराखडे ठेवले, खडूनं रेघा मारल्या आणि कात्री माझ्या हातात दिली.

"कापा."

"मी?"

"माझा हात लांब कापताना थरथरतो आता. शिवायला चालतो. तुमचा हात सरळ हाय, बघितलाय मी. तुमच्या शर्टांत चूक असती, पण कापलेलं सरळ असतं."

आयुष्यात माझी इतकी मोठी स्तुती कोणी केलेली नाही. पण कात्री हातात घेतल्यावर कळलं. घडीवर कापताना एकदाच घाबरायचं असतं. इथे प्रत्येक तुकड्याला वेगळं घाबरावं लागत होतं. उजवी पाठ कापली. डावी पाठ कापताना मध्येच वाटलं, कागद उलटा तर ठेवला नाही? दोन्ही उजव्याच झाल्या तर? हात थांबला. वैशू खुंटीपाशी उभी होती, नखं खात. बाई म्हणाल्या, "थांबू नका. दात पडतात कापडाला."

मी कापली. डावीच होती.

शनिवारी सकाळी नऊला आम्ही जिन्याखाली हजर. शर्ट झाला होता, पण कफांची चार बटणं आणि कॉलरचं एक राहिलं होतं. बाईंच्या बोटांना त्या दिवशी सुईत दोरा जाईना. मी ओवून दिला. साडेनऊ झाले. वैशूनं आत पडद्यामागे शर्ट घातला आणि बाहेर आली. कॉलर मानेवर बरोबर मध्यभागी. बटणांची रांग सरळ. पाठ जशी होती तशी होती, ती काही कुठे गेली नव्हती. पण शर्ट तिच्याशी भांडत नव्हता.

"बटणं!" मी ओरडले. "रिक्षा मिळायला पाहिजे, काशीमिऱ्याला ट्रक अडकलेले असतात!"

"मग चला," बाई म्हणाल्या आणि सुईसकट रिक्षात बसल्या. मागे दुकानाचं शटर तसंच अर्धं उघडं.

तो प्रवास मी विसरणार नाही. वैशू मध्ये, हात पुढे धरून, जशी काही बांगड्या भरतेय. बाई एका अंगाला, नाक तिच्या मनगटाला लावून बटण टाचतायत. "भैया, गड्ढे में मत डालो, सुई है हाथ में." भैया म्हणाला, "मौसी, रोड ही गड्ढा है." काशीमिऱ्याला रांग लागलीच होती. दहा वाजून वीस मिनिटं. तीन बटणं झाली होती. वैशूचा चेहरा पांढरा पडत चालला होता, आणि तो चेहरा मी ओळखत होते. दारातून परत यायच्या आधीचा.

आणि तेव्हा मी पर्समधून ओढणी काढली. हो, आणली होती. पांढरी, इस्त्री करून, चौकोनी घडी घालून.

"दारापर्यंत घे गं," मी म्हटलं. "आत जाताना काढ. तेवढंच."

वैशूचा हात हलला. ओढणीकडे की दूर, मला आजही सांगता यायचं नाही. कारण मध्येच बाईंनी दाताने दोरा तोडला, माझ्या हातातून ओढणी घेतली, फटकन झटकली आणि वैशूला म्हणाल्या, "जरा उठ." वैशू अर्धवट उठली. बाईंनी ओढणी सीटवर अंथरली. "बस आता. पँट काळी हाय, धूळ दिसंल."

वैशू तिच्यावर बसली. वरसाव्यापर्यंत उरलेली बटणंही लागली.

अकराला पाच कमी असताना ती हॉटेलच्या फाटकातून आत गेली. पहारेकऱ्यानं आम्हाला बाहेरच थांबवलं. आत काचेचं मोठं दार होतं. ती त्या दाराशी पोचली आणि थांबली. मी डोळे मिटले.

"गेली," बाई शेजारून म्हणाल्या.

सव्वा तास आम्ही रस्त्याच्या कडेला उभ्या होतो, ट्रकांची धूळ खात. बाईंनी एकदाच तोंड उघडलं, "टीचरबाई, पाणी हाय का?" होतं. दोघी एकाच बाटलीतून प्यायलो.

वैशू बाहेर आली ती भराभर चालत. "सोमवारपासून या म्हणाले."

"आणि... काही विचारलं?" मी.

"विचारलं ना. एक बाई होत्या, म्हणाल्या, पाठीला काय झालंय. मी म्हटलं, बाक आहे, बाराव्या वर्षापासून. दुखत नाही. त्या म्हणाल्या, बरं. मग विचारलं, शिफ्ट बदलून काम चालेल का."

दहा वर्षं मी ज्या प्रश्नाला भीत आले, त्याचं उत्तर 'बरं' होतं. मी फुटपाथवर रडायला लागले, तोंड पुसायला ओढणी शोधली, ती मळलेली. त्याच ओढणीनं पुसलं.

बाईंचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. त्या वैशूच्या मागे गेल्या होत्या. "बसली होतीस ना बराच वेळ? डावीकडं ओढतोय जरासा. एक सूत सोडायला पायजे होतं. सोमवारी सकाळी कामावर जायच्या आधी घेऊन ये. दोन मिनिटांचं काम."

सोमवारी सकाळी आम्ही गेलो तेव्हा शटर बंद होतं. वरच्या मजल्यावरची शेजारीण म्हणाली, काल बाईंचा हात अगदीच कामातून गेला, मुलगा पेणला घेऊन गेला. आम्ही महिनाभर फेऱ्या मारल्या. मग तिथे मोबाईल रिचार्जवाला बसला. त्याला काही माहीत नव्हतं. पत्ता कोणाकडे नव्हता, आणि नाव मी कधी विचारलंच नव्हतं.

ते एक सूत मला सोडता आलं असतं. शिलाईच्या आत जास्तीच्या कापडाची माया होती, उसवून पुन्हा टीप मारायची, माझ्या क्लासच्या पहिल्या महिन्यातल्या पोरीलाही जमलं असतं. वैशू म्हणायची, "आई, सोड ना." मी म्हणायचे, "राहू दे, त्या येतील." आल्यावर त्यांना चूक दाखवायला काहीतरी हवं ना. नाही तर आमच्या दोघींत बोलण्यासारखं दुसरं होतं काय?

शर्ट दोन वर्षं टिकला. कॉलर विरली, कोपरं फाटली. डावीकडची ती टीप तेव्हाही तशीच होती.